पेटीखालचा फोम

धाकटीच्या कामाला घरात कोणी कधी मनापासून काम म्हटलंच नाही. थोरली डॉक्टर, त्यातही दिवस भरायच्या आत जन्मलेल्या, तळहातावर मावतील अशा बाळांची डॉक्टर. फोन वाजला की भरल्या ताटावरून उठून जायची तिला मुभा होती, आणि ती उठून गेली की मागे सगळे तिचंच कौतुक करत जेवायचे. धाकटी एका कारखान्यात ट्रॅक्टरच्या सीट तपासायची. लोखंडी टेबलावर सीट बसवायची, सीटवर माणसाच्या वजनाचा वाळूचा पुतळा ठेवायचा, खालून टेबल हादरवायचं आणि त्यातला किती हादरा पुतळ्यापर्यंत पोचतो ते मोजायचं. त्या पुतळ्याला कारखान्यात 'जावईबापू' म्हणत. दिवसभर गादीवर बसून राहायचं, हातपाय हलवायचे नाहीत, आणि तरी आपल्याला काही त्रास तर होत नाही ना याची दहा माणसांना काळजी. दुसरं नाव शोभलंच नसतं.

"काय ठमे, अजून खुळखुळेच वाजवतेस का?" थोरली भेटली की विचारायची. त्यात वाईट हेतू काही नसायचा. धाकटीही हसायची. पण घरी परत जाताना ते वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहायचं.

म्हणूनच त्या दिवशी दुपारी थोरलीचा फोन आला आणि तिने पहिलं वाक्य "ठमे, कामात आहेस का?" असं उच्चारलं, तेव्हा धाकटीने हादरणारं टेबल बंद केलं. थोरली असं विचारणाऱ्यातली नव्हती.

"ताई, काय झालं? बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय. तुला गाडीचे धक्के मोजता येतात ना? मग ये. माझं डोकं चालेनासं झालंय."

धाकटी आली तेव्हा थोरली बाळांच्या वॉर्डाबाहेरच्या अरुंद खोलीत उभीच होती. तिने खुर्चीवरच्या फायली उचलून खिडकीत ठेवल्या, बहिणीला बसवलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

आसपासच्या लहान दवाखान्यांत अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्मलं की या इस्पितळाची गाडी जायची. गाडीत काचेची उबदार पेटी, पेटीत बाळ, शेजारी सिस्टर. रस्त्यात धक्के बसायचेच, आणि अशा बाळांच्या डोक्यातल्या शिरा इतक्या नाजूक की प्रत्येक धक्क्यागणिक थोरलीचा जीव टांगणीला लागायचा. म्हणून पावसाळ्यानंतर तिने दोन गोष्टी केल्या. पेटी गाडीच्या तळाला थेट बोल्टांनी आवळलेली होती. तिच्याखाली चांगला जाड फोम घालून घेतला. आणि चालकाला सक्त ताकीद दिली, बाळ आत असताना काटा पंचेचाळीसच्या वर जाता कामा नये.

"आणि?"

"आणि काय, आगीतून फुफाट्यात. आधी बाळं दमून यायची, आता पार गळून येतात. ऑक्सिजन खाली, ठोके वरखाली, स्थिर व्हायला अर्धा दिवस जातो. सिस्टर सांगते, पेटी नाचते. मी म्हटलं, फोमवर कशी नाचेल?" थोरलीने चष्मा काढून पदराने पुसला. "वरच्या ऑफिसने चालकाला जबाबदार धरलंय. म्हणतात, ताकीद धाब्यावर बसवून गाडी दामटतो. पुढच्या महिन्यापासून त्याला चादरी धुवायला नेणाऱ्या गाडीवर टाकणार आहेत."

"तुला काय वाटतं?"

"मला काही वाटेनासं झालंय. तू मोजून सांग, घोडं कुठे पेंड खातंय ते."

चालकाला सगळे मामा म्हणत. मिशा पिकलेल्या, शर्टाच्या खिशात कंगवा. गेलं एक तप तो हीच गाडी चालवत होता. धाकटी आवारात गेली तेव्हा तो आधीच लखलखीत असलेली पुढची काच पुन्हा पुसत होता.

"धाकट्या मॅडम ना? मोजा. खुशाल मोजा." फडकं त्याने असं पिळलं की जणू ऑफिसातल्या कुणाची मान. "काटा पंचेचाळीसला चिकटवून चालवतो मी. मागचे ट्रकवाले हॉर्न मारमारून शिव्या देतात, त्या खातो. आणि वर हे. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!"

"मामा, चोर कोण ते मलाही अजून माहीत नाही," धाकटी म्हणाली. "आपण दोघं मिळून शोधू."

तिने रबराच्या पिशवीत पाणी आणि वाळू भरून बाळाच्या वजनाचं एक गाठोडं केलं आणि पेटीत निजवलं. मामाने ते वाकून पाहिलं, नकळत त्याच्या अंगावरची चादर नीट केली आणि त्याचं नाव ठेवलं 'छोटे सरकार'. मग धाकटीने काड्यापेटीएवढे तीन सेन्सर चिकटवले: एक गाडीच्या तळाला, एक पेटीच्या चौकटीला आणि एक छोट्या सरकारांच्या गादीखाली. लॅपटॉप मांडीवर घेऊन ती सिस्टरच्या जागेवर बसली.

शहरातल्या रस्त्यावर काही विशेष घडलं नाही. खड्डा आला की पडद्यावरच्या तिन्ही रेघा उसळायच्या आणि निमूट खाली बसायच्या. धाकटी मनातून जरा खट्टू झाली. थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं आणि आपण रिकाम्या हाताने परत जाणार, असं तिला वाटू लागलं.

मग काँक्रीटचा रस्ता लागला. लांबच्या लांब, सरळ, दिसायला गुळगुळीत. फक्त एका फरशीचा दुसरीशी जिथे सांधा, तिथे चाकाखाली टक व्हायचं. टक, टक, टक. मामाचा काटा पंचेचाळीसवर. तळाची रेघ प्रत्येक सांध्याला नखाएवढी उठत होती, एवढंच.

पण पेटी हलायला लागली. आधी थोडी, मग जास्त, मग आणखी जास्त. लॅपटॉपकडे बघायची गरजच राहिली नाही. एवढी जड पेटी समोर वरखाली डोलत होती, आणि आत छोटे सरकार गादीवर उसळत होते.  आजवर या पिशवीच्या जागी जिवंत बाळं होती, आणि तीही तासतासभर.

"मामा, वेग वाढवा."

"अहो, नको. थोरल्या मॅडमचा हुकूम आहे."

"आत सरकार आहेत, बाळ नाही. बोलणी बसली तर मी खाईन. सत्तरवर न्या."

मामाने आरशातून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पाय दाबला. सांध्यांची टकटक घाईची झाली, आणि पेटी शांत होत गेली. सत्तरला ती जवळजवळ जागच्या जागी होती. "आता परत पंचेचाळीस." पेटी पुन्हा नाचू लागली. तिने तीनदा वेग वाढवायला लावला, तीनदा कमी करायला लावला. तिसऱ्या वेळी मामानेच मान वळवून मागे नजर टाकली आणि पुटपुटला, "च्यायला, हळू गेलं की जास्त?"

"हळू गेलं की जास्त," धाकटी म्हणाली.

कारखान्यात तिच्या टेबलावर हिशेब सोपा निघाला. स्प्रिंगवर ठेवलेल्या कुठल्याही वजनाची डोलण्याची स्वतःची एक गती असते. वजन वाढलं की ती मंदावते, स्प्रिंग कडक झाली की वाढते. इथे वजन पेटीचं आणि स्प्रिंगचं काम फोमचं. पेटीच्या भाराने फोम अडीच सेंटीमीटर दबला होता. तेवढ्यावरून कळत होतं की तिला सेकंदाला साधारण तीनदा डोलायला आवडतं. आणि पंचेचाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला बरोबर तीन सांधे ओलांडत होती. पेटी खाली येऊन परत वर निघाली की दर वेळी खालून आणखी एक टोला. तो जोर जिरवायला काहीतरी लागतं, आणि फोम तर घेतलेलं जवळजवळ सगळंच परत देणारा. नखाएवढे टोले साठत साठत केवढे झाले होते.

उत्तर सापडल्याचा आनंद फार वेळ टिकला नाही. फोम ताईचा होता. हळू चालवण्याचा हुकूमही ताईचाच. नुसता फोम असता तर इतकं बिघडलं नसतं, नुसता हुकूम असता तरी नसतं. दोन्ही मिळून झालं होतं, आणि दोन्ही मायेपोटी केलेलं होतं.

अहवाल लिहायला ती बसली. 'तांत्रिक कारणांमुळे' असे शब्द लिहिले, खोडले. 'पूर्वी केलेल्या काही बदलांमुळे' असं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी लॅपटॉप मिटून ती थेट थोरलीच्या घरी गेली.

थोरलीने चहा ठेवला. धाकटीने ओट्याला टेकून सगळं सांगितलं. थोरली चहा गाळता गाळता थांबली.

"अगं पण हळू नेल्यावर जास्त कसं हलेल? काहीतरीच काय!"

"लहानपणी आपण नळावरून बादल्या आणायचो, आठवतं?"

"आठवतं की. तू परकर भिजवून यायचीस."

"आणि तू मागून ओरडायचीस, हळू चाल, हळू चाल. हळू चाललं की आणखी सांडायचं. बादलीतल्या पाण्याला हिंदकळायची एक चाल असते, ताई. आपली पावलं नेमकी त्या चालीत पडली की पाणी काठावरून उडी मारतं. मी पळत आणायचे तेव्हा कमी सांडायचं, पण ते तू कधी बघितलं नाहीस."

थोरलीने उरलेला चहा गाळला. मग हळूच म्हणाली, "आई पाण्यावर ताटली तरंगत सोडायची."

"हो! ताटलीला घासून पाण्याचा जोर जिरायचा. आम्ही त्यालाच डॅम्पर म्हणतो. तुझ्या फोमवर ताटलीच नाहीये."

"म्हणजे हे सगळं मी केलं."

धाकटीला 'नाही' म्हणायचं होतं. जीभ रेटेना. "फोम आणि तो वेग, दोन्ही एकत्र आले म्हणून झालं. तुला कळायला काही मार्गच नव्हता."

"ते विचारलं नाही मी."

"हो," धाकटी म्हणाली. "तू केलंस त्यामुळेच झालं."

थोरलीने गाळणं बाजूला ठेवलं आणि सिंकमध्ये न वापरलेले कप घासायला घेतले.  धाकटी थोडा वेळ तिच्या पाठीकडे बघत उभी राहिली आणि मग दार ओढून घेऊन निघाली. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी फोन नाही, तिसऱ्या दिवशी नाही. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, असं धाकटीने स्वतःला शंभरदा सुनावलं. चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला तो मामाचा.

"धाकट्या मॅडम, काल थोरल्या मॅडम आल्या. म्हणाल्या, मामा, गाडी काढा. स्वतः मागे बसल्या. काँक्रीटवर नेऊन आणलं, त्यांच्या पंचेचाळीसने. सबंध वाटभर नजर पेटीवर." मामाने घसा खाकरला. "उतरल्या आणि ऑफिसातल्या साहेबासमोर, सिस्टरसमोर, सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, मामा, चूक तुमची नव्हती, माझी होती. आता यावर माणसाने काय बोलावं?  मी म्हटलं, मॅडम, चहा घेणार का?"

"मग?"

"घेतला की. दोन कप घेतले."

त्याच संध्याकाळी थोरली कारखान्याच्या फाटकात उभी होती. हातात काही नाही, चेहऱ्यावर जागरण. "फोम काढून टाकलाय," ती म्हणाली. "पेटी पहिल्यासारखी आवळली. पण ते म्हणजे परत जैसे थे. ठमे, बाळं रोज येताहेत. पुढे काय करायचं ते सांग."

इतक्या वर्षांत ती इथे पहिल्यांदाच आली होती. धाकटीने तिला आत नेलं, जावईबापूंची ओळख करून दिली, आणि थोरली त्या सगळ्या धावपळीतही खुदकन हसली.

पुढचे दिवस इस्पितळातल्या एका जादा पेटीने जावईबापूंची गादी बळकावली. धाकटीच्या साहेबांनी टेबल वापरायला आढेवेढे घेतले नाहीत. त्यांची नात अशाच पेटीतून मोठी झाली होती, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. धाकटीने ट्रॅक्टरच्या सीटखाली असतो तसा सांगाडा घेतला: मऊ स्प्रिंग, सेकंदाला एकदाच्या आसपास डोलणारी, म्हणजे रस्त्याच्या कुठल्याही टकटकीपेक्षा बरीच मंद. तिच्या जोडीला तेल भरलेला डॅम्पर. आणि फार मोठा दणका आला तर टेकायला रबराचे थांबे.

पहिला डॅम्पर तिने चांगला दणकट लावला. पेटी मुळीच डोलली नाही. थोरलीने टाळी वाजवायला हात वर केले, पण धाकटीचं तोंड उतरलं होतं. पडद्यावर बारीक बारीक काटे दिसत होते, निवडुंगासारखे.

"डोलत नाही, पण प्रत्येक बारीक ठोका सरळ वर जातोय. डॅम्पर इतका घट्ट आहे की स्प्रिंगला हलायलाच देत नाही. बोल्टाने आवळल्यासारखंच झालं."

"मग आणखी घट्ट करायचा का?"

"ताई, जास्त केलं म्हणजे जास्त चांगलं होतं असं नाही."

"हे वाक्य," थोरली म्हणाली, "मला आता लिहून भिंतीवर लावायला हवं." आणि स्टूल ओढून ती पडद्यासमोर बसली. "बरं, कमी करून दाखव. मला समजेल असं दाखव."

खूप सैल केला तेव्हा एका धक्क्यानंतर पेटी कितीतरी वेळ डोलत राहिली. मग थोडा घट्ट, मग थोडा सैल. थोरली प्रत्येक रेघेवर बोट ठेवून प्रश्न विचारायची, आणि ते प्रश्न चांगले असायचे. एकदा तिने विचारलं, "गाडीने ब्रेक मारला तर पेटी पुढे झुकेल का?" हे धाकटीच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यासाठी सांगाड्याला दोन आडवे हात बसवावे लागले. अखेर एक जागा अशी सापडली की धक्का आला की पेटी एकदा खाली जायची, जराशी वर यायची, आणि बस्स. बारीक काटेही पुसले गेले.  साहेबांनी जावईबापूंच्या खांद्यावर थोपटलं, एवढंच.

छोट्या सरकारांनी सगळ्या रस्त्यांवर फिरून येऊन गाडी पास केली. मग इस्पितळाची समिती बसली, उठली, पुन्हा बसली, आणि एकदाचा होकार आला. नंतरच्या आठवड्यात एका दुपारी काँक्रीटच्या रस्त्यापलीकडच्या दवाखान्यातून निरोप आला: मुलगी झालीय, वजन किलोच्या जेमतेम वर.

थोरली स्वतः निघाली. गाडीत चढता चढता तिने फोन लावला. "ठमे, फाटकाशी येऊन थांब. वाटेत उचलते."

येताना मामाच्या शेजारी बाळाचा बाप बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट रोवून. मागे दोघी बहिणी. थोरलीसमोर बाळाच्या ठोक्यांचा पडदा, धाकटीसमोर तिच्या रेघांचा. पेटीतली मुलगी लालसर, सुरकुतलेली, तिची मूठ थोरलीच्या बोटाच्या पेराएवढी. पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून थोरलीने एक बोट तिच्या तळव्याला लावून ठेवलं होतं.

टक, टक, टक. सांधे सुरू झाले. मामाचा काटा आता मोकळ्या रस्त्याला साजेसा होता.  तळाची रेघ उठत होती, नेहमीसारखी. पेटीची रेघ मात्र संथ पाण्यासारखी, हलल्यासारखी आणि न हलल्यासारखी. तिने मान वर करून थोरलीकडे पाहिलं. थोरलीची नजर ठोक्यांवर खिळलेली. त्या आकड्यांचा अर्थ धाकटीला कळत नव्हता, पण थोरलीचे खांदे हळूहळू खाली येताना तिला दिसले.

"ताई?"

"श्शू," थोरली कुजबुजली. "झोपलीय."

"मागे सगळं ठीक ना?" पुढून मामाने विचारलं, आणि त्याच्या शेजारचा बापही वळला.

"बाळ झोपलंय," धाकटी म्हणाली.

बाप बराच वेळ तसाच वळून बसला. मग सरळ होऊन त्याने दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मामाने एक हात सोडून त्याच्या पाठीवर ठेवला आणि लगेच परत स्टिअरिंगवर आणला.

वॉर्डात पोचल्यावर सिस्टरने आकडे घेतले, आणि खात्री पटेना म्हणून पुन्हा घेतले. निघताना जेवढा ऑक्सिजन होता तेवढाच पोचताना होता. अंग गरम, ठोके ठीक. अर्धा दिवस स्थिर करण्यात जायचा, तो या वेळी गेलाच नाही. थोरली एका कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. धाकटी तिच्याजवळ गेली, आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या, खांद्याला खांदा लावून.

हिवाळा सरता सरता तसले आणखी दोन सांगाडे तयार झाले. चादरींच्या गाडीवर कोणी गेलं नाही. मामाकडे उलट नव्या चालकांना शिकवायचं काम आलं, आणि तो त्यांना पहिल्याच दिवशी मागे, सिस्टरच्या जागेवर बसवून फिरवून आणू लागला. दुसऱ्या एका इस्पितळाचा धाकटीला फोन आला. त्यांचा रस्ता खडीचा होता. तिने सांगितलं, आमचा सांगाडा तसाच्या तसा उचलून नेऊ नका, मी आधी येऊन मोजते.

निघायच्या सकाळी ती सेन्सरची पेटी घेऊन इस्पितळाच्या आवारात आली. मामा तिला सोडणार होता. तेवढ्यात वरच्या मजल्याच्या खिडकीतून थोरलीने हाक मारली, अख्ख्या आवाराला ऐकू जाईल अशी.

"ठमे! आधी वर ये. पाचच मिनिटं!"

वर त्या मुलीला पेटीतून बाहेर काढलं होतं. आईने तिला उघड्या छातीशी धरलं होतं, वर शाल लपेटली होती. आई श्वास घ्यायची तशी ती एवढीशी टाळू वर यायची, आईने श्वास सोडला की खाली जायची.

"हिला आता काही नको," थोरली म्हणाली. "ना स्प्रिंग, ना डॅम्पर. हात धुऊन घे, आणि बघ तिच्याकडे."

धाकटीने कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, आणि आईच्या शेजारी स्टुलावर बसली. खाली मामाने एकदा हॉर्न वाजवला, हळूच. ती उठली नाही.